वस्तीच्या गाडीचा डबा

आमच्या गावात रोज दिवेलागणीला एक बस येऊन देवळापुढच्या वडाखाली थांबायची आणि सकाळी उजाडताना बेळगावला निघायची. मधल्या वेळात ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळाच्या सोप्यात मुक्कामाला असायचे, म्हणून तिला आम्ही वस्तीची गाडी म्हणायचो. गाव खानापूरच्या अंगाला, जंगलाच्या कडेचं. मुख्य रस्ता इतका लांब की चालत गेलं तर तंगड्या गळ्यात येतात. त्यामुळे ही एक गाडी म्हणजेच आमचा दवाखाना, बाजार, कॉलेज आणि माहेर. मी गावच्या अंगणवाडीत काम करते. लिहायची खोड मला कडोलीच्या साहित्य संमेलनाला जाऊन जाऊन लागली, आणि तिथं जायची पहिली पायरीही हीच गाडी होती.

गाडीच्या माणसांना गावानं जेवू घालायचं, ही आमची रीत. कुणी घालून दिली ते ठाऊक नाही. चार पुडांचा, कडीचा एक स्टीलचा डबा होता. ज्या घरी डबा, त्या घरची पाळी. त्या घरानं संध्याकाळी डबा भरून देवळात न्यायचा, सकाळी गाडी सुटली की घासूनपुसून शेजारच्या घरी पोचवायचा. असा तो गल्लीगल्लीतून फिरत राहायचा. कुणाला सांगावं लागायचं नाही. डबा दारात दिसला की बाई समजायची, आज भाकरी जास्त थापायच्या. नियम एकच होता आणि तो कडक होता: डबा जेवला गेल्याशिवाय पुढच्या घरी जायचा नाही, आणि आलेली पाळी कुणी नाकारायची नाही. घरात सुतक असेल तेवढंच कारण चालायचं.

या नियमाची पोलीस पाटील म्हणजे आक्का. आक्का माझी थोरली जाऊ. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा गोव्याला कंपनीत. आमच्या चुली वेगळ्या, अंगण एक, आणि भांडणही एकच, मी लग्न होऊन आले त्या दिवसापासूनचं: मला स्वयंपाक येत नाही. ती हे तोंडावर सांगते, मी तोंडावर नाकारते, आणि मग तिच्याच चुलीवरची मसुराची आमटी वाटीभर आणून जेवते. माझ्या पाळीच्या दिवशी ती मुद्दाम अंगणात येऊन डब्याचं झाकण उघडून बघायची. ‘‘ह्ये खाऊन त्यो गाडी कशी चालीवणार गं?’’ असं म्हणून आपल्या घरचा ठेचा वर ठेवायची. मला असा राग यायचा की बस्स. पण ठेचा मी कधी काढून ठेवला नाही.

कंडक्टर गदगकडचा, कन्नड माणूस. मराठी त्यानं आमच्याच गावात उचललं, तेही आक्काच्या तोंडून, त्यामुळे त्याच्या मराठीत शिव्या जरा जास्त होत्या. तो तिला आक्का म्हणायचा. कन्नडातही आक्का म्हणजे आक्काच, त्यामुळे दोघांनाही वाटायचं की समोरचा आपलीच भाषा बोलतोय. गाडीतून उतरल्या उतरल्या तो विचारायचा, ‘‘ऊटा आतेन्री, आक्का?’’ जेवण झालं का? आणि ही म्हणायची, ‘‘तुजं व्हायचं हाय अजून, माजं कुठनं हुतंय?’’ आम्ही तांदळाची भाकरी खाणारे लोक, पण तिच्या पाळीला ती जोंधळ्याचं पीठ शोधून आणायची. वरच्या अंगाचा, गदगकडचा माणूस जोंधळ्याशिवाय जेवला असं कसं म्हणायचं, हे तिचं म्हणणं.

मग आक्काच्या किडन्या गेल्या. साखर होती, ब्लडप्रेशर होतं, दोन्हीकडे तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी, आयुष्यभर. बेळगावच्या सरकारी दवाखान्यात सोय झाली. सकाळी लवकर पोचायचं, मशीनवर बसायचं, नंबर चुकला तर जागा दुसऱ्याला. पाणी मोजून प्यायचं, मीठ जवळजवळ नाहीच, केळं नाही, शहाळं नाही. जिच्या ठेच्यावर गाव जेवायचं ती अळणी भात खाऊ लागली. पण पाळी तिनं सोडली नाही. चव घेता यायची नाही तर कालवणाच्या नुसत्या वासावरून सांगायची मीठ कमी आहे की जास्त. कधी चुकली नाही, हे मला कबूल करावं लागतं.

जायची ती एकटीच. सोबत येते म्हटलं की खेकसायची, ‘‘मला काय वाट ठावं न्हाय?’’ वस्तीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची जागा तिची. मशीनवरून उठली की बेळगावातच शहापूरला विणकरांच्या मागाच्या गल्लीत धाकट्या बहिणीकडे जाऊन पडायची. तिथं दिवसभर मागाचा खडखडाट. त्या आवाजात म्हणे तिला इतकी गाढ झोप लागायची की बहिणीला हलवून उठवावं लागायचं. संध्याकाळी त्याच गाडीनं परत. आजारी बाई आहे असं वाटायचंच नाही. नोकरीला जाऊन येतेय असं वाटायचं.

आणि मग सरकारनं बायकांना बसचा प्रवास फुकट केला. गावात आनंदीआनंद. पहिल्या दिवशी कंडक्टरनं मशीनमधून शून्याचं तिकीट काढून आक्कापुढे धरलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं.

‘‘पैसंच न्हाईत तर कागद कशाला वाया घालवतोस? तुज्या सरकारचाच कागद हाय न्हवं?’’

तो म्हणाला, ‘‘नियम हाय, आक्का.’’

‘‘नियम ऱ्हाऊ दे. ठेव खिशात.’’

बाकीच्या बायकांना ते लगेच पटलं. काटकसर हा आमच्या गावचा धर्म. देवापुढचा दिवा लावायलासुद्धा आम्ही नवी काडी ओढत नाही, चुलीतलं चिपाड नेतो. तेव्हापासून आमच्या गाडीत बायकांनी तिकीट घ्यायचं नाही, असं ठरूनच गेलं. पुरुषांचं वेगळंच होतं. ज्यांच्या घरचा डबा पाळीपाळीनं खाल्ला त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे मागायला कंडक्टरची जीभ उचलायची नाही. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस तो. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला तर उलट अभिमान वाटायचा, बघा आमच्या गावची माणुसकी.

एका संध्याकाळी गाडी आली नाही.

त्या दिवशी पाळी आक्काची होती. भरलेला डबा घेऊन ती देवळाच्या पायरीवर बसली. आम्ही म्हटलं, पंक्चर झालं असेल. दुसऱ्या संध्याकाळीही आली नाही. तिसऱ्या दिवशी डेपोत फोन लावला तेव्हा कळलं की खर्च कमी करायचे आहेत, तोट्यातल्या फेऱ्या बंद करायचा हुकूम वरून आला आहे, आणि त्यात आमची फेरी आहे. कपात आमच्याकडे अशीच येते. कुणी येऊन सांगत नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाई अशाच गेल्या होत्या. त्यांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि फार उशिरा आमच्या लक्षात आलं की आता कुणी येणारच नाही.

गावातली चार मोठी माणसं आणि मी डेपोत गेलो. साहेब सज्जन होते. चहा मागवला, मराठीत बोलले. ‘‘तुमच्या फेरीला माणूसच नाही हो,’’ म्हणाले. आम्ही म्हटलं, माणूस नाही कसा, उभं राहायला जागा नसते. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडं तसं दिसत नाही. रिकाम्या गाडीला डिझेल कुठनं घालू? वरून मला विचारतात.’’ आम्हाला वाटलं, धडधडीत खोटं बोलतोय. बाहेर आल्यावर मी डेपोला, डेपोच्या गेटला आणि गेटवर झोपलेल्या कुत्र्यालाही मनसोक्त शिव्या दिल्या. कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात तसं झालं. फुकट प्रवास हाताशी आणि गाडीच नाही. कॉलेजच्या मुली मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊ लागल्या, मग त्यातल्या काही घरीच बसल्या. भाजी विकायला जाणाऱ्या दोघीतिघींनी टोपल्या माळ्यावर टाकल्या. म्हातारी माणसं डोळ्याचं, कानाचं दुखणं ‘बघू पुढं’ म्हणत अंगावर काढू लागली. माणसं मरत नव्हती, पण गाव हळूहळू आखडत चाललं होतं, आणि अंगणवाडीच्या दारात उभी राहून मी ते रोज बघत होते.

आक्काला मात्र ‘बघू पुढं’ म्हणायची सोय नव्हती. माझा नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्याची दुपारची शिफ्ट असली की तो तिला सकाळी मोटरसायकलवर न्यायचा. पहिली शिफ्ट असली की तो अंधारातच निघून जायचा, आणि मग दर वेळी कुणाला तरी विचारायचं. कधी दुधाची गाडी, कधी कुणाचा भाचा, कधी लाकडाचा टेम्पो. विचारायची मी. आक्का आत बसून ऐकायची.

एका गुरुवारी ज्याच्याबरोबर ती निघाली त्याची मोटरसायकल वाटेत बंद पडली. पोचेपर्यंत तिची जागा दुसऱ्याला गेली होती. दवाखान्याचा दोष नाही. तिथंही रांगेत तिच्यासारखीच माणसं होती. उद्या या म्हणाले. दुपारपर्यंत तिच्या पायांवर सूज चढली, संध्याकाळी धाप लागली. आडवी पडली की जीव घुसमटायचा म्हणून भिंतीला टेकून बसली. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. इतक्या वर्षांच्या भांडणात आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो. मला मनापासून भीती वाटत होती. पहाटे दुधाची गाडी आली, तिच्यात घालून नेली, आणि मशीनवर बसल्यावर ती माणसात आली.

घरी परतल्यावर पहिलं वाक्य तिनं काय म्हटलं असेल?

‘‘बास झालं. आता मी जात न्हाय.’’ आमच्याकडे बायकाही पुरुषांसारखं ‘जातो’, ‘येतो’ असंच म्हणतात; ‘जात न्हाय’ मात्र तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हंजे काय? किती दिस गावाला वेठीला धरायचं माज्यापायी? आज ह्याच्या दारात, उद्या त्याच्या दारात. जन्मभर मी लोकांस्नी जेवाय घातलं, आता त्यांच्याकडं भीक मागू व्हय?’’

मी ओरडले, रडले, मुलाला फोन लावून दिला. त्यानं गोव्याला चल म्हटलं, तर ‘‘तुज्या एका खोलीत मी कुठं मरू?’’ म्हणून फोन माझ्या हातात दिला. ती घाबरली नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि लाजेवर औषध नसतं. बसमध्ये चढताना माणूस कुणाचा मिंधा नसतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. गाडी हक्काची असते, तिच्यात चढायला कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. ती बंद झाली की तेच अंतर कुणाच्या तरी उपकारावर कापावं लागतं. माझी आक्का रोगाला हार गेली नसती. उपकारांना हार जात होती.

सोमवार जवळ येत होता. रविवारी सकाळी तिच्या सोप्यात मला तो डबा दिसला. गाडी बंद झाली त्या दिवसापासून तो तिच्याकडेच होता, कोनाड्यात पालथा घातलेला. मागे एकदा मी म्हटलं होतं, द्या की पुढच्या घरी. ती म्हणाली होती, ‘‘जेवलं कोन न्हाय, तर फुडं कसा दिऊ?’’

ती परसात होती. मी डबा उचलला आणि पदराखाली घेऊन शेजारच्या घरी गेले. शेजारी म्हणजे आमचे आप्पा, म्हातारे शेतकरी. त्यांच्या मुलाचा छोटा टेम्पो आहे, रताळी वाहायचा. मी डबा त्यांच्या दारात ठेवला.

‘‘ह्ये काय गं? गाडी आली व्हय?’’ आप्पा म्हणाले.

‘‘न्हाय आली. उद्या सोमवार. आक्काला बेळगावला न्यायचं हाय. तुमची पाळी.’’

आप्पांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग घरात तोंड घालून मुलाला हाक मारली. ‘‘ए, उद्या पाळी आलीया आपली. गाडी झाडून ठेव.’’

सोमवारी उजाडताना टेम्पो अंगणात उभा राहिला. पुढच्या सीटवर घडी घातलेली वाकळ. आक्का बाहेर आली ती तणतणतच. ‘‘कुणी सांगितलं ह्यास्नी? मी न्हाय म्हटलं न्हवं?’’

आप्पा स्वतः आले होते. ‘‘आक्का, तुज्यासाठी कोन आलंय? पाळी आलीया म्हनून आलोय. डबा दारात हाय माज्या.’’

‘‘डबा?’’ ती आत जाऊन कोनाडा बघून आली. माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. पण ती अडकली होती. ती गाडीत बसली नाही तर आप्पांची पाळी मोडणार होती. आलेली पाळी नाकारायची नाही, हा नियम सगळ्या गावाला तिनंच घोटून घोटून शिकवला होता. एकदा आजारी म्हणून पाळी टाळणाऱ्या बाईला तिनं दारात जाऊन सुनावलं होतं, आणि ती बाई आता कुंपणाजवळ उभी राहून मजा बघत होती. आक्का गाडीत बसली. दार लावताना मला म्हणाली, ‘‘चोरटी हाईस तू.’’ इतकं गोड मला ती कधी बोलली नव्हती.

गुरुवारी डबा पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. ज्याच्याकडे गाडी नव्हती तो दुसऱ्याची मागून आणायचा, ज्याच्याकडे तेही जमायचं नाही त्या घरची बाई तिच्यासोबत दवाखान्यात बसायची. डबा रिकामा फिरत नसे. नेणाऱ्यासाठी आक्का पहाटे उठून त्यात भाकरी भरून द्यायची, म्हणजे जेवू घालायचं काम शेवटी तिनं आपल्याकडेच ओढून घेतलं. मीही ओढून घेऊ दिलं.

सगळा हिवाळा असा गेला. तरी मला माहीत होतं की हे कायमचं चालणार नाही. सुगीत गाड्या रानात लागतात, माणसं थकतात, आणि पाळी झाली तरी ते ओझंच असतं. गावानं हात दिला म्हणून सरकारनं हात झटकावा, हे मला पटतही नव्हतं.

एके दिवशी आमच्या घरची पाळी होती म्हणून मी तिच्याबरोबर होते. मशीनवरून उठल्यावर शहापूरला जायला स्टँडवर आलो, तर मागून आवाज आला, ‘‘ऊटा आतेन्री, आक्का?’’

तोच कंडक्टर. दुसऱ्या मार्गावर टाकला होता त्याला. आक्काचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, तब्येत विचारली, आणि मग मान खाली घालून उभा राहिला. आक्काच म्हणाली, ‘‘बोल की रं. काय झालंय?’’

‘‘आक्का, तुमची गाडी... माज्यामुळंबी गेली. तुमच्यामुळंबी.’’

आम्हाला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. डेपोत माणसं दिसत नाहीत, फाडलेली तिकिटं दिसतात. बायकांचं शून्याचं तिकीटसुद्धा मोजलं जातं. जेवढी फाडली जातात तेवढ्यांचे पैसे सरकार बसवाल्यांना देतं. ‘‘तुमी तिकीट घेतला न्हाय. म्हंजे मशीनला तुमी गाडीत नव्हताच. अख्खी गाडी भरलेली, आन् मशीनमदी रिकामी.’’

‘‘मग सांगायचं न्हाय व्हय रं मुडद्या?’’

‘‘सांगायला पायजे होतं. पण तुमच्या घरची भाकरी खाऊन तुमच्याशी वाद कसा घालू, आक्का?’’

आक्काच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ‘‘मीच गं, मीच. कागद वाचवला आन् गाडी घालवली.’’ कंडक्टरही हसायला लागला. मला मात्र हसू येईना. आम्ही चुकलो होतो, खरंच. काटकसर आम्ही केली आणि कपात आमच्याच वाट्याला आली. पण हुकूम काढण्याआधी कुणी एक माणूस एका संध्याकाळी आमच्या वडाखाली पाठवला असता, तर त्याला दिसलं असतं की गाडीतून किती माणसं उतरतात. त्याला जेवणही मिळालं असतं.

पुन्हा डेपोत गेलो. या वेळी आक्काही आली, कुणाचं ऐकलं नाही. साहेबांना आम्ही सगळं खरं सांगितलं; कंडक्टरचं नाव मात्र काढलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ‘‘अहो, पण मला कागदावर माणूस दाखवावा लागतो.’’

आक्का खुर्चीतून उठली. उभं राहायलाही तिला टेबल धरावं लागलं. ‘‘साहेब, मी हाय. दिसतो का न्हाय?’’

साहेबांनी मान वर केली आणि तिच्याकडे, तिच्या हातावरच्या पट्टीकडे बघितलं. मग ते म्हणाले, ‘‘बसा, बाई, बसा.’’ वरच्या ऑफिसात त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. काही आठवड्यांनी निरोप आला की फेरी काही महिन्यांसाठी पुन्हा सुरू करून बघू. तिकिटं दिसली तर ठेवू.

गाडी आली त्या संध्याकाळी गावानं तिला हळदीकुंकू वाहिलं. आणि दुसऱ्याच दिवशी आक्कानं नवा फतवा काढला. ज्या घरी डबा, त्या घरानं जेवण तर द्यायचंच, शिवाय सकाळी गाडीत एक माणूस बसवायचा, तिकीट घेऊन. काम असो नसो. मी म्हटलं, ‘‘आक्का, ही लबाडी झाली.’’ ती म्हणाली, ‘‘लबाडी कसली? बेळगावात काय काम नसतंय व्हय माणसाला?’’

आणि तिचंच खरं निघालं. नुसती गाडी भरवायला गेलेल्या म्हाताऱ्या आल्यासारखं डोळे दाखवून आल्या, त्यातल्या एकीचा मोतीबिंदू निघाला. एकीनं माळ्यावरची टोपली खाली काढली. एकजण बेळगावातच वडगावला लेकीकडे गेली. लेक पॉवरलूमवर साड्या विणते, तिनं आईला येताना एक साडी दिली आणि ती आई महिनाभर गावाला साडी दाखवत फिरली. कॉलेज सोडलेल्या मुलींपैकी एक परत जाऊ लागली. दुसरी गेली नाही. तिचं तोपर्यंत लग्न ठरलं होतं, आणि ते आठवलं की मला अजून चिडायला होतं. पण गाडीत खोटी माणसं बसवायला निघालो आणि सगळी खरीच निघाली. कामं गावात होतीच, वाट नव्हती म्हणून दडून बसली होती.

गाडी अजून येते. ती कायमची झाली असं कुणी लिहून दिलेलं नाही. उपकेंद्राला अजून कुलूपच आहे, आणि आता आमची नजर त्या कुलपावर आहे. दवाखान्यात आक्काचा एकही नंबर त्यानंतर चुकलेला नाही.

एक सोमवार मात्र सांगितलाच पाहिजे. फेरी ठेवायची की नाही हे ठरायचे ते दिवस होते. कुणीतरी बातमी आणली की आज तपासायला माणूस येणार. झालं, उजाडायच्या आत अख्खं गाव गाडीत. मीही चढले. आप्पा चढले, शाळेची पोरं चढली, पाळी टाळणारी ती बाई तर पहिल्या बाकावर. आदल्या संध्याकाळी डबा आक्काकडे होता, त्यामुळे तो घासूनपुसून शेजारी पोचवून ती शेवटी आली. हातात पिशवी, एकेक पायरी धरून वर चढली, आणि दारातच थांबली. मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिच्यासाठी गाडी भरवली तिलाच बसायला जागा नाही, हे आम्हाला त्या क्षणी उमगलं.

पाळी टाळणारी बाई पहिली उठली. मग तिच्या शेजारची, मग मागची रांग, मग त्यामागची. आप्पाही काठी टेकत उठले. बघता बघता अख्खी गाडी उभी, आणि सगळी बाकं रिकामी. माझ्या डोळ्यांना धार लागली, ती मी पुसली नाही.

‘‘बसा की गं,’’ आक्का म्हणाली. ‘‘मी काय मंत्री हाय व्हय?’’ पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

ती ड्रायव्हरच्या मागे आपल्या जागेवर बसली. गाडी हलली. कंडक्टर तोच, हा मार्ग त्यानं मागून घेतला होता. मशीन घेऊन तो तिच्यापाशी आला आणि जुन्या सवयीनं पुढे सरकू लागला. काल संध्याकाळी त्यानं तिच्याच घरचा डबा खाल्ला होता. तिनं त्याची बाही धरली आणि हात पुढे केला.

‘‘कागद दे रं,’’ ती म्हणाली. ‘‘मी हाय गाडीत.’’